बाबांनी अकरा वेळा दाबलेलं बटण

प्रिय ताई,

फोनवर बोलायला गेलो की माझी तारांबळ उडते, म्हणून लिहितोय. बाबांची तब्येत आता बरी आहे. उजवा हात अजून उचलता येत नाही आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर गेलेली वाचाही परत आलेली नाही. जन्मभर छापखान्यात बसून लोकांच्या चुका काढणारा माणूस, पाणी हवं असलं तरी भिंतीवर चमचा आपटायचा. आईला ते बघवेना.

मग मी त्यांच्यासाठी टॅबलेटवर एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर मोठी बटणं आहेत. बटण दाबलं की ते आत एक नाव पाठवतं. त्याला आम्ही सिलेक्टर म्हणतो. त्या नावाचं काम आधी शिकवलेलं असेल तर ते होतं: 'पाणी' दाबलं की आवाज येतो, 'उशी' दाबलं की आईचा फोन वाजतो. नाव मात्र अक्षर न् अक्षर जुळायला हवं. पहिल्याच दिवशी मी बटणावर 'पाणि' लिहिलं आणि सगळं बंद पडलं. बाबांनी डाव्या बोटानं ती वेलांटी दाखवली आणि अर्ध्या तोंडानं असे काही हसले, की आई हातातलं काम टाकून धावत आली.

त्यांचा हुरूप बघून मी नवी बटणं बनवायची सोयही दिली. त्यांनी नाव टाइप करायचं, मध्ये जागा न सोडता सलग, आणि मी घरी आल्यावर त्यामागचं काम लिहायचं. 'खिडकी', 'वर्तमानपत्र', 'हाडॉक्टरनको'.

मंगळवारी ऑफिसात आईचा फोन आला: यंत्र सारखं बंद पडतंय आणि हे कोणाला हात लावू देत नाहीत. घरी येऊन मी प्रोग्रॅमच्या नोंदी उघडल्या. सकाळपासून एकच तक्रार, अकरा वेळा: 'हे नाव मला माहीत नाही.' पुढे बाबांनी टाइप केलेलं नाव होतं, 'खारूलाबोलाव'.

तुला खारू म्हणणारं दुसरं कोण आहे? तू मनाप्रमाणे लग्न केलंस तेव्हा 'ही आता माझी कोणी नाही' म्हणाले होते ते. नंतर चार वर्षं या घरात तुझं नाव निघालं नाही. मी विचारलं, ताईला बोलवायचंय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा बटण दाबलं.

ते काम मी आता लिहून ठेवलंय. बटण दाबलं की तुझा फोन वाजेल. पण तुला न विचारता ते चालू करायचा धीर होईना. त्यांना बोलता येणार नाही, नुसता श्वास ऐकू येईल. तेवढ्यावर भागवावं लागेल. उचलशील ना, ताई?

तुझाच,
धाकटा