मिक्समधला तुझा आवाज

आई, इंटरनेटवरून तुझा आवाज मी काढून टाकला. निघाला तेवढा काढला, असं म्हणायला हवं. तिथे तो मीच ठेवला होता आणि ठेवण्याआधी बाबांना विचारलं नव्हतं. तुला हे नीट सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात कॅसेटचा डेक होता आणि फोन करायचा तर शेजारच्या किराणा दुकानात जावं लागायचं.

मी आता वर्ध्याला एका लॅबमध्ये नोकरी करते, राहायला बोरगाव मेघेला आहे. सुटीच्या दुपारी, तू न पाहिलेले तुझे जावई पेपर तोंडावर घेऊन झोपलेले असतात, तेव्हा मी लॅपटॉपवर गाणी जोडत बसते. याला मिक्स म्हणतात. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या ठेक्यात मिसळायचं, नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. बाबा मंडपात दोन डेक शेजारी ठेवून हेच करायचे, फक्त त्याला नाव नव्हतं. वरातीच्या टेम्पोवर गाणी लावायला मला कोणी बोलावत नाही. एकदा विचारून पाहिलं तर टेम्पोवाला म्हणाला, "ताई, तुम्ही वरतं उभ्या राहान त पोट्टे गानं सोडून तुमालेच पाहातीन." तेव्हा मी मिक्स करते आणि इंटरनेटवर ठेवते. तिथे उभं राहावं लागत नाही.

देवळीचं आपलं बिछायत केंद्र आठवतं. लग्नांना भाड्याने जाणाऱ्या सतरंज्यांचा तो कोंदट वास, एकात एक बसवलेले स्वयंपाकाचे गंज, खिळ्याला टांगलेले दोन भोंगे. बाबांचं काम चोख होतं, पण माईक हातात आला की त्यांची जीभ अडायची. "जेवण तयार आहे" एवढं म्हणताना ते "जे" वरच थांबत, मंडप हसायला लागे आणि ते घामाघूम होत. एका लग्नात पोरांनी त्यांची नक्कल सुरू केली, तेव्हा तू बायकांतून उठून, पदर खोचून सरळ त्यांच्याजवळ गेलीस, त्यांच्या हातातून माईक घेतलास आणि बोललीस. बाईमाणूस भोंग्यावर बोलतंय म्हणून म्हातारे तोंड फिरवून बसले. पण पुढे पार रोहण्याकडची माणसं येऊन सांगायची, बाई येणार असेल तरच तुमचा साउंड पाहिजे. त्यानंतर बाबांनी माईक कधी तोंडाजवळ नेला नाही. काय बोलायचं ते तुझ्या कानात सांगत. तिथे मात्र ते अडखळत नसत, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

लग्नघरी पोहोचलो की तू आधी आतल्या बायकांत जायचीस आणि विचारायचीस, "कोनतं गानं लावाचं नाई, थे सांगा." बाकीचे साउंडवाले कोणतं लावायचं ते विचारत. एकदा परत येताना मी तुला म्हटलं, आई, तू उलटंच विचारतेस. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "अवं, सारा मांडव हासून राह्यला असते, पन एखादीचा नवरा यंदाच गेला असते. थो जे गानं म्हने, थेच भोंग्यावर लागलं त तिनं कुठी जावं?" मी तेव्हा शाळेत होते. मला वाटलं, एवढा विचार करून कुठे धंदा होतो.

मग तुझी छाती बिघडली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा लग्नसराई तोंडावर आली होती आणि तुला जिना चढवत नव्हता. बाबांनी डेक स्वयंपाकघरात आणला, कारण रस्त्याचा आवाज तिथे कमी येतो. तू ओट्याला पाठ टेकून पाटावर बसली आहेस. बाबा एका हाताने माईक तुझ्या तोंडासमोर धरून आहेत, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर. तू एक वाक्य बोलतेस, खोकला वर येतो, त्याच्या आत ते बटण दाबतात. पाणी देतात, पाठ चोळतात, पुन्हा बटण. "वऱ्हाडी मंडळी, पान वाढून राह्यले. बायाहो, घाई करू नका. सगळ्यायले भेटते." मधेच कुकरची शिट्टी होते. मी गॅस बंद करायला धावते. तू हसतेस आणि म्हणतेस, "राहू दे वं, घरचंच जेवन वाटन." तेही त्या कॅसेटमध्ये आहे. त्या सराईत मंडपामंडपातून तू बोललीस आणि बाबा डेकशेजारी उभे राहिले. लोक मान उंचावून तुला शोधायचे. सराई संपायच्या आत तू गेलीस, आणि त्यांनी ती कॅसेट पुन्हा लावली नाही.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत मी ती त्यांच्या पेटीतून आणली. ऐकायची आहे म्हटलं, त्यांनी मान डोलावली. ऐकायची होती हे खरंच होतं. ऐकली, कॉम्प्युटरवर उतरवली, आणि एका दुपारी सहज एका गाण्याच्या आधी तुझं "वऱ्हाडी मंडळी" लावून पाहिलं. ते पुन्हा पुन्हा लावलं. जुन्या लग्नांतली गाणी, त्यांच्यामधे तू, अशी तासाभराची एक मिक्स झाली. आजवर मी केलेल्यांत तीच चांगली होती.

ती ठेवायची कुठे हा प्रश्न होता. व्हिडिओच्या मोठ्या साइटवर टाकली तर थोड्याच वेळात सूचना आली. तिथलं यंत्र एकेक गाणं ओळखतं आणि ते कोणत्या कंपनीच्या मालकीचं आहे ते सांगतं. मिक्स बंद झाली. त्या सूचनेत प्रत्येक गाण्याचा मालक निघाला होता, फक्त तुझ्या आवाजाला कोणी मालक निघाला नाही. मी ते वाचून हसले, आई. मला वाटलं, म्हणजे हा तुकडा माझा. दुसरी एक साइट खास मिक्ससाठीच आहे. गाणेवाल्यांचं मानधन ती देते, ऐकणाऱ्याला फक्त ऐकता येतं, फाइल उतरवून घेता येत नाही. तिथे ऐकणारे थोडे. तिसरा रस्ता म्हणजे फाइल उघडी ठेवायची आणि लिंक वाटायची. ज्याला हवी त्याने उतरवावी, पेन ड्राइव्हमध्ये भरावी, टेम्पोवर वाजवावी. नागपूरच्या एका मैत्रिणीला विचारलं, तीही मिक्स करते. ती म्हणाली, "दोन फाइली कर. आईच्या आवाजाची घरच्यांसाठी, बिनआवाजाची सगळ्यांसाठी. उघडी फाइल मंजे उघडं दार राह्यते." मी बरं म्हटलं. आवाज काढून मिक्स ऐकून पाहिली. ती कोणीही केली असती अशी वाटली. मग मी आवाजासकट फाइल उघडी ठेवली आणि लिंक टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. ऐकणारे भराभर वाढले. "बाई जबरदस्त" असं लोक लिहीत आणि मी ते तुझ्या जावयांना वाचून दाखवत असे.

पुढे कोणीतरी तुझं एकच वाक्य कापलं. "घाई करू नका, सगळ्यायले भेटते." जेवणाची हाक होती ती. त्याने ती एका नाचाच्या गाण्यात मधे मधे अशी पेरली, की तिचा अर्थ जो व्हायचा तोच झाला. तुला आणखी फोडून लिहीत नाही. देवळीला आपल्या समोरच्या गल्लीतल्या मुलाची वरात निघाली, तेव्हा बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. टेम्पोवरून तू बोललीस आणि खाली पोरं कंबर हलवत शिट्ट्या मारायला लागली. बाबांसोबत राहणारा माझा भाऊ सांगतो, बाबा चप्पल न घालता उठले आणि गर्दीत घुसून टेम्पोला हात लावून उभे राहिले. बंद करा म्हणायचं होतं. त्यांचा शब्द "बं" वर अडकला. टेम्पोवरच्याला वाटलं, म्हाताऱ्याला गाणं आवडलं. त्याने आवाज वाढवला आणि पोरांनी बाबांचे दोन्ही हात धरून त्यांना नाचवलं.

भावाचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. "थे गानं तूनं टाकलं काय?" एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "मंग ये," म्हणाला. मी मिळेल त्या बसने गेले. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी सगळं सांगितलं, उघडी फाइल, ग्रुप, सगळं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म-मले इचारलं काऊन नाई?" मी वाद घातला. म्हटलं, "बाबा, मले वाटलं लोकायनं आयकावं. माही बी आई होती थे. तिच्या आवाजावर माहा काईच हक नाई काय?" ते बराच वेळ ओठ हलवत राहिले. शब्द यायला वेळ लागला आणि मी त्यांना मदत केली नाही. "ति-तिचा नाई," ते म्हणाले. "थो माहा आवाज होता वं."

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. भाऊ चहा ठेवून गेला.

त्या वरातीच्या टेम्पोवाल्याला मी फोन केला. चांगला मुलगा निघाला. "ताई, मले काय मालूम कोनाची आई होय? ग्रुपवर आलतं, लावलं. आत्ता काहाडतो," म्हणाला, आणि काढलंही. पण आर्वीकडे, हिंगणघाटकडे कोणाकोणाच्या पेन ड्राइव्हमध्ये ते आहे ते त्यालाही सांगता येईना. मी फाइल काढली, लिंक बंद केली. मिक्स तुझ्या आवाजाशिवाय त्या दुसऱ्या साइटवर ठेवली, जिथून काही उतरवता येत नाही. थोडे लोक ऐकतात. एकाने खाली लिहिलं आहे, ती बाई कुठे गेली? मी उत्तर दिलेलं नाही. कॅसेट बाबांना नेऊन दिली. त्यांनी ती पेटीत न ठेवता सदऱ्याच्या खिशात ठेवली. माझ्याशी ते बोलतात, जेवलीस का विचारतात. पण वरातीचा दिवस असला की भाऊ त्यांना शेतावर घेऊन जातो.

हे लिहायला बसले तेव्हा वाटत होतं, लिहून झालं की बाबांनाच वाचून दाखवावं, म्हणजे तुला पोचल्यासारखं होईल. आता दाखवणार नाही. कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, भावालाही नाही. ते कापलेलं गाणं मी त्या वरातीच्या आधीच ऐकलं होतं. वर्ध्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत भर दुपारी ते वाजलं. पोरं कशाला हसतायत ते मला तिथेच कळलं, आई, अगदी नीट कळलं. तरी एवढ्या मोठ्या आवाजात, एवढ्या लोकांपुढे तू बोलत होतीस, आणि ते माझ्यामुळे होतं. मी गर्दीच्या कडेला उभी होते. मीही नाचले.