परत गेलेला सिलिंडर

आई, घरात गेले काही दिवस गॅस नाही. तुम्ही असतात तर हे वाक्य माझ्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत तुम्ही विचारलं असतंत, दुसरा भरलेला कुठे आहे? तो नाही. म्हणजे आला होता, लिफ्टने वर आपल्या दारापर्यंत आला होता, आणि परत गेला. तेच सांगायला बसले आहे, कारण हे सांगण्याजोगं दुसरं माणूस मला सध्या सुचत नाही. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं होत आली. गेलेल्या सासूला सून पत्र लिहिते आहे हे कळलं तर माझी सख्खी आई तिकडे नाशकात कपाळावर हात मारून घेईल. पण तिला सांगितलं तर ती रडेल, आणि तिची समजूत काढण्यात माझी दुपार जाईल. तुम्ही रडला नसतात. रागावला असतात, आणि ते मला आत्ता चालेल.

सुरुवात झाली ती पाइपवरून. आमच्या इमारतीच्या मालकाने मागच्या बाजूला गॅसची मोठी टाकी बसवली आहे. तिथून प्रत्येक स्वयंपाकघरात पाइप, मीटर, आणि ओट्याखाली भिंतीला एक छोटी डबी. गॅस गळाला की ती किंचाळते आणि गॅस आपोआप बंद होतो. वॉचमन दारोदार विचारत आला, पाइप घेणार की आपला सिलिंडरच ठेवणार, महिनाअखेर सांगा. तुमचे चिरंजीव चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "अगं, डिपॉझिट कशाला अडकवून ठेवायचं? वर्ष-दीड वर्षात आपण पुण्याला." हे वर्ष-दीड वर्ष तुमच्या ओळखीचं आहे. तुम्ही पहिल्यांदा मस्कतला आलात तेव्हाही ते चालूच होतं. त्याच्यापायी आमच्या घरात एक धड कपाट आलं नाही, खिडक्यांना मापाचे पडदे शिवले गेले नाहीत, आणि लेक इथेच शाळा संपवून आता पुण्याला कॉलेजलाही गेली. मी म्हटलं, "आपण पाइपच घेऊ." का, तर सिलिंडर बदलायचा कंटाळा येतो. "तू कुठे बदलतेस? गॅसवाले चाचा बदलून देतात की." खरंच होतं. मग मी म्हटलं, आजकाल सगळेच पाइप घेतात. यावर ते नुसते हसले. सगळे करतात म्हणून आपल्या घरात आजवर काही झालं नाही, हे तुमच्यामुळेच. असे कितीतरी दिवस आम्ही सकाळच्या चहाला तेच तेच बोलत राहिलो. ते वाद जिंकत होते, कारण त्यांच्याकडे कारणं होती. माझ्याकडे एकच होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं.

मला वास येत नाही, आई. कसलाच नाही. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी जगभर एक साथ आली. ती तुम्हाला बघावी लागली नाही हे बरं झालं. माणसं घराघरात कोंडली गेली, विमानं बंद झाली, इथली किती माणसं आपल्या आईबापांना शेवटचं बघू शकली नाहीत. तिच्यात वास जायचा. जवळजवळ सगळ्यांचाच जायचा आणि काही आठवड्यांनी परत यायचा. यांचाही आला. एक दिवस हे कॉफीच्या बाटलीत नाक घालून लहान मुलासारखे ओरडले, "आला, आला! तुझा?" आणि मी म्हटलं, "हो, थोडा थोडा येतोय." तेव्हा मला खरंच वाटलं होतं की येईल. यांच्या कंपनीने पगार निम्म्यावर आणला होता आणि माझ्या पुरणपोळ्यांच्या, चकल्यांच्या ऑर्डरींवर घर चाललं होतं. जिची चव गेली तिच्या हातचं कोण विकत घेतं? इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बायका एकमेकींना विचारायच्या, वास आला का, आणि मी अंगठा दाखवून मोकळी व्हायचे. मग दिवस गेले, वर्षं गेली. आता सांगायचं तर आधी हे सांगावं लागतं की इतके दिवस सांगितलं नाही.

आणि त्यातून मी तुमची सून. लग्नानंतरचा पहिला होळीचा दिवस मला आत्ता दिसतोय. कल्याणचं आपलं दोन खोल्यांचं घर, तुम्ही पाटावर बसून पुरण ढवळता आहात, मी शेजारी वही-पेन्सिल घेऊन बसलेली. मी विचारते, "आई, किती मिनिटं शिजवायचं?" तुम्ही वरही न बघता म्हणता, "घड्याळ बघून ऑफिसला जातात. स्वयंपाक नाकाने करायचा असतो." आणि माझी मान हाताने धरून त्या पातेल्यावर वाकवता. "आत्ता कसला वास येतोय? डाळीचा. थांब. आता? गूळ वर आला. आता थांबू नकोस, उतरव." मला तेव्हा फार राग आला होता. एम.एस्सी. झालेली मी, मान धरून शिकवायला काय मांजर आहे? पण त्यानंतर माझं पुरण कधी बिघडलं नाही. दर हिवाळ्यात तुम्ही इथे यायचात तेव्हा रुमालात बांधून जायफळं आणायचात, माहेरच्या झाडाची. पहिल्या खेपेला पुरचुंडी माझ्या हातात ठेवून म्हणालात, "हे बाजारात मिळतं, पण त्याला नाव जायफळ असतं, एवढंच." तुमची स्तुती करायची पद्धत तीच होती, दुसऱ्याची निंदा करून. हे घे, तू चांगलं करतेस, असं म्हणाला असतात तर मला कदाचित कळलंच नसतं.

आता मी घड्याळ बघून स्वयंपाक करते. फोनवर तीन-तीन घंट्या लावून ठेवते. मोहरी कानाने कळते, कांदा डोळ्यांनी, पुरणात झारा उभा राहिला की झालं. गोड, खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला कळतं. बाकीचं आठवणीतून घालते, आणि लोक म्हणतात, वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे. मी सवयीने अजूनही पातेल्यावर वाकते. कुणी बघत नसलं तरी वाकते. लेक घरात होती तोवर निभावलं. जरा काही लागलं की ती तिच्या खोलीतून ओरडायची, "मम्मा, समथिंग जळतंय!" तिला वाटायचं मी फोनवर बोलत बसते म्हणून मला कळत नाही. ती गेल्यापासून दिवसभर या घरात मी एकटी असते, एसीमुळे सगळ्या खिडक्या बंद. हेच माझं पाइपचं कारण. हेच यांना सांगायचं होतं. सांगितलं की हे गॅस काढून टाकतील, विजेची जुनी शेगडी मांडतील, ऑर्डरी बंद करायला लावतील, आणि सगळं प्रेमाने करतील. मग मी दिवसभर करू काय?

तर गेल्या आठवड्यात आच एकदम बारीक झाली. सिलिंडर वेळेच्या आधीच संपला म्हणून मी चाचांना फोन केला. तुमचे चाचा आता बरेच थकलेत, दाढी पांढरीशुभ्र झाली आहे, पण गाडी अजून तेच चालवतात. त्यांच्या गावाहून, बरक्याहून येताना अजूनही पिशवीभर लिंबं आणतात. तुम्ही त्यांच्याशी मराठीत बोलायचात, ते तुमच्याशी त्यांच्या बलुची हिंदीत, आणि बाल्कनीतून खाली तुमचं काय एवढं चालायचं ते आम्हाला कधी कळलं नाही. बेल वाजली, मी दार उघडलं. त्यांनी खांद्यावरचा सिलिंडर दाणकन खाली ठेवला आणि चपला न काढता आत घुसले. इतक्या वर्षांत हा माणूस चपला घालून आपल्या घरात आला नव्हता. त्यांनी रेग्युलेटर बंद केला, बाल्कनीचं दार उघडलं, म्हणाले, "भाभी, लाइट को हाथ मत लगाओ. बाहर आओ, यल्ला!" शेगडीमागची नळी चिरली होती. गॅस संपला नव्हता, बराचसा घरातच पसरला होता. माझ्या हातात लायटर होता. सिलिंडर खरंच संपला का ते बघावं, म्हणून मी तो नुकताच उचलला होता.

जिन्यात आम्ही दोघं उभे. ते माझ्याकडे बघत राहिले. "कितना बू था भाभी. मेरे को लिफ्ट में आया. तुमको नहीं आया?" मी हातातला लायटर पाठीमागे धरला. "कब से?" मी म्हटलं, "करोना से." "साहब को मालूम?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी आपल्या उघड्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "अम्मा होता तो नीचे रोड पर बू पकड़ लेता." आणि तो भरलेला सिलिंडर परत खांद्यावर घेतला. मी म्हटलं, चाचा, नळी बदलून द्या ना, उद्या माझी ऑर्डर आहे. "मैं नहीं देगा. पाइप लो, उसमें अलार्म है." मी म्हटलं, साहेब पाइपला तयार नाहीत. "तो साहब को बोलो. तुम बोलो, फिर मैं देगा, फ्री में देगा. नहीं बोला तो मेरी गाड़ी से खलास." मी सवयीने म्हणून गेले, "बोलूँगी चाचा, इन्शाल्ला." लिफ्टचं दार धरून ते म्हणाले, "इन्शाल्ला नहीं. आज." मला वाटत होतं गॅसवाला आम्ही निवडायचा असतो.

संध्याकाळी हे घरी आले. विजेच्या जुन्या शेगडीवर भात बघून म्हणाले, सिलिंडर का नाही आला? मी म्हटलं, चाचा परत घेऊन गेले. यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून चाचा काय म्हणाले ते मला ऐकू आलं, "आप घर में पूछो, साहब." हे माझ्याकडे वळले. "काय झालं?" आई, तेव्हा सांगायचं होतं. इतकं सोपं करून दिलं होतं त्या माणसाने. मी म्हटलं, "ते आता म्हातारे झालेत, सिलिंडर वर आणणं जमत नाही त्यांना." "लिफ्ट आहे की." मग मी म्हटलं, "भाव वाढवून मागत होते. मी नाही म्हटलं." हे ऐकून यांना रागापेक्षा वाईटच वाटलं. "इतक्या वर्षांचा माणूस," एवढंच म्हणाले आणि फोनमधून चाचांचा नंबर काढून टाकला. नळी यांनी स्वतः आणून बसवली, चांगली जाड, आणि मला दाखवलीसुद्धा. मग कुठलंसं ॲप उतरवून नव्या कंपनीकडे सिलिंडर नोंदवला. काल चाचांची गाडी आपल्या गल्लीतून गेली. ते सिलिंडरवर पाना आपटतात तो आवाज मी ओळखते. मी बाल्कनीत गेले नाही. तुमच्या हातची पोळी खाऊन, तुम्हाला अम्मा म्हणणाऱ्या माणसाला मी लोभी ठरवलं, आणि त्याच्या वाट्याला ते का आलं, तर त्याने मला मरू दिलं नाही म्हणून. मला माझी लाज वाटते. पण त्याहून जास्त मी दमले आहे, आई. हे लपवण्यात जेवढी ताकद जाते तेवढीत मी शंभर पोळ्या लाटल्या असत्या.

आज सुट्टी. दुपारी हे दुधाचं पुडकं घेऊन माझ्याजवळ आले. "बघ गं, नासलंय का? मला काही कळत नाही, तुझं नाक चांगलं." पुडकं मी हातातही घेतलं नाही. म्हटलं, "मला वास येत नाही." म्हटलं, आई. मोठ्याने म्हटलं. यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "सर्दी झालीय. त्या एसीखाली झोपतेस." आणि आत जाऊन बाम घेऊन आले. माझ्या कपाळाला, नाकाला हलक्या हाताने लावला. यांचा हात अगदी तुमच्यासारखा आहे, जरा जड, पण चुकत नाही. बाम झोंबला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आता वाटतंय का बरं?" यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मलाही कळतं. ज्यांना पोचायला हवं ते पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत बसलेत, आणि त्यांच्यासाठी एवढं लांबलचक लिहायची गरज नाही, एक वाक्य पुरे आहे. उद्या सकाळी नवा माणूस सिलिंडर घेऊन येणार आहे. तो यायच्या आत मी ते यांना सांगणार आहे. खरं म्हणजे कालही मी हेच ठरवलं होतं.