शालूच्या नावचा कागद

२२ सप्टेंबर १९१८, रविवार. सोलापूर.

काल मिलच्या साच्यावर, म्हणजे यंत्राच्या मागावर, सूत सतरांदा तुटलं. जॉबर, आमचा मुकादम, म्हणाला, "वडगावचा विणकर म्हणून घेतलं तुला, आन् गाठी मारत बसतोस व्हय?" मिलच्या कांड्या, सूत गुंडाळलेल्या नळ्या, ढिल्या.

घरी माझ्या मागाच्या कांड्या शालू भरायची. सूत तुटलं की मी तिच्यावर ओरडायचो. लग्नाला चार वर्षं झाली, ओरडलो असेन पाच-सहा येळा. म्हणजे बाकी सगळे दिवस तुटलंच न्हवतं! हे आज ध्यानात आलं. लुगडं बघून लोक म्हणायचे, गुंडू, हात चांगला हाय रं. मी व्हय म्हणायचो. ती तिथंच बसलेली असायची.

२४, मंगळवार

खोलीतल्या मष्णूला हे सांगितलं. खानापूरचा हाय, त्याला सगळ्याची थट्टा. "मला काय सांगतोस मर्दा, बायकोला कळव की."

कसं कळवायचं? कागद अण्णाच्या, म्हणजे बापाच्या, नावानं जातो. गावचे शाळामास्तर सोप्यात बसून सगळ्यांदेखत वाचतात. बायको 'घरात सर्वांस खुशाली' यातच आली. तिचं नाव वेगळं घालायची चाल न्हाय आमच्यात.

२५, बुधवार

लिहिलं. 'शालूस सांगणे की तू होतीस म्हणून माझा माग चालला. मी कधी बोललो नाही. माझं काही चुकलं असेल तर मनात धरू नकोस. तुझ्या संगतीत मला काही कमी पडलं नाही.'

तिसरी शिकलेल्याला एवढंच जमलं. पेटीत टाकला आन् लाज वाटली. अण्णा काय म्हणंल?

३०, सोमवार

मिलमध्ये थंडीताप आलाय. आमच्या ओळीतले सहा साचे बंद. जॉबर बी आला न्हाय.

२ ऑक्टोबर, बुधवार

समोरच्या चाळीतनं सकाळपासनं तीन तिरड्या गेल्या. एक बाई तर परवा नळावर भांडत होती.

मष्णू पडून हाय. म्हणतो, "वैनीला लिव्ह, थोड्या कांड्या मला बी धाड." हसला की खोकतो. मग हसला न्हाय.

५, शनिवार

अण्णाचा कागद आला. मास्तरांचं अक्षर.

'तुझे पत्र वाचले. आई जेवली नाही. चुकलं असेल तर मनात धरू नको, असं माणूस कधी बोलतं ते आम्हाला कळतं. तिकडची साथ ऐकून आहोत. लपवू नको. सूनबाई ऐकत नाही, तिच्या भावाला, भरमूला, संगं देऊन रविवारी लावून देतो.'

रविवार म्हणजे उद्या. मला काय बी झालेलं न्हाय! साधं चांगलं बोललो, तर ह्यांनी मला मरायला टेकवलं. आन् ती निघाली हितं, ह्या तापात.

तारऑफिसात पळालो. 'मी बरा आहे. पाठवू नका.' तारमास्तर म्हणाले, "माणसं आजारी आहेत. कधी पोचेल सांगता येत नाही." मी म्हणालो, उद्याच्या आत पायजे. त्यांनी मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

६, रविवार

तार पोचली असंल. पोचली असायलाच पायजे.

७, सोमवार

पहाटे मष्णू गेला. खांदा द्यायला चाळीत माणसं मिळंनात. गाडीवरनं नेला.

खोली धुतली. त्याचं अंथरूण जाळलं. तरी वास जाईना. ती आली तर कुठं ठेवू?

दोनदा ठेसनावर जाऊन आलो. गाडीत न्हवती. बरं वाटलं. तार पोचली.

८, मंगळवार

सकाळच्या गाडीनं आली.

मला धड उभा बघून शालू हसली. चार वर्षांत लोकांदेखत माझ्याकडं बघून कधी हसली न्हवती. म्हणाली, "तुमचा कागद मास्तरांकडनं दोनदा वाचून घेतला."

भरमू मागनं म्हणाला, "दाजी, आक्काला धरा. गदगला गाडी बदलली तवापासनं अंग भाजतंय तिचं."