हिल्कामावशीची जागा आणि चौदा नाड्या

लेप्पालाहती,
शुक्रवार, १४ ऑगस्ट, सकाळचे ९.१०

ती. हिल्कामावशीस टूक्काचा, गमबूट काढून, नमस्कार.

शेवाळलेल्या दगडावर बसून, डाव्या हाताची नाडी मोजून झाल्यावर हे लिहीत आहे. तुझ्या कुंड्यांना पाणी घातले. इस्पितळात गुडघा कसा आहे?

आमच्या ‘रान आणि मन’ अभ्यासक्रमात दहा जागी वीस-वीस मिनिटे बसून आधीचे आणि नंतरचे ठोके लिहायचे होते. नऊ जागी माझे वाढले. एकदा गोचिडीमुळे, आठदा गोचीड असेल या विचाराने. दहाव्या जागी मात्र ८८चे ६१ झाले! तुझ्या घरामागच्या दलदलीपलीकडे, बर्चच्या जोडझाडांमागे. तिथे पिवळ्या अळंब्यांचा गालिचाच आहे. मी एकीलाही हात लावला नाही. नकाशा शिक्षिका सारेल्माबाईंना पाठवला. त्या शनिवारी, २९ तारखेला, चौदा जणांचा वर्ग आणून तिथेच माझी परीक्षा घेतील: सगळ्यांना तिथे बसवून त्यांचे ठोके उतरवून दाखवायचे. आधीचे दोन अभ्यासक्रम अर्धवट सुटले. हा तरी पुरा व्हावा.

तुझा आज्ञाधारक,
टूक्का

कुओपिओ, १८ ऑगस्ट

चि. टूक्कास, आशीर्वाद नंतर, आधी बोलणी.

अरे गाढवा, ती माझी अळंब्यांची जागा! एकतीस वर्षांत कुणाला सांगितली नाही. तुझ्या उर्होकाकांनी शेवटच्या आजारात विचारले, तेव्हासुद्धा मी त्यांची उशी सारखी करून विषय बदलला. तुझी आई दर नाताळात खोदून खोदून विचारते. आणि तू चक्क नकाशा काढलास? तोही, तुझा स्वभाव पाहता, मोजपट्टीने! चौदा माणसे म्हणजे अठ्ठावीस हात. पत्र वाचून माझे ठोके ११२ झाले. नर्सबाईंनी कारण विचारले, तेही सांगितले नाही. परीक्षा दुसरीकडे हलव.

तुझी (अजून तरी) मावशी

लेप्पालाहती, २१ ऑगस्ट, दुपारचे २.३५

ती. मावशीस, मान खाली घालून नमस्कार.

जागा बदलायला बाई तयार नाहीत. बाकीच्या नऊ जागी मला नेले तर रुग्णवाहिका लागेल, म्हणाल्या. मग मी खरे कारण सांगितले. त्यांनी नकाशा माझ्यादेखत फाडला. त्यांचीही कुठेतरी एक जागा आहे म्हणे.

आता सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, एकमेकांचा खांदा धरायला लावून मी नेणार. दिसले नाही की कान-नाक जागे होतात, असे पुस्तकातही आहे. तू २८ला घरी येतेस; पहाऱ्याला ये. बाईंची एकच अट: येईल त्याने पट्टी बांधायची. तूसुद्धा.

घाबरलेला,
टूक्का

लेप्पालाहती, ३० ऑगस्ट

चि. टूक्कास अनेक आशीर्वाद, या वेळी आधीच.

काल पास झाल्याचे कळताच तू बस गाठलीस, म्हणून राहिलेले सांगते. चौदाही जण बसले ते थेट अळंब्यांवर. संध्याकाळी काठी टेकत पाहून आले. सूप सोड, चमचाभर सॉसलाही काही उरलेले नाही.

मी चिडायला हवे होते. पण एकतीस वर्षांत मी तिथे कधी बसलेच नव्हते रे. वाकायचे, कापायचे, कुणी येतेय का कानोसा घ्यायचा आणि पळायचे. काल पट्टीआड पहिल्यांदा बसले, आणि घोरले! बाई सांगत होत्या, सगळ्यांत जास्त ठोके माझे उतरले, आणि त्यावरच त्यांनी तुला पास केले.

तेव्हा ती जागा आता बसायची. तुझ्या आईलाही घेऊन ये, बिनपट्टीची. अळंब्यांसाठी मी आज पहाटे दुसरी शोधली.

लोभ हवा तेवढा माग. ती कुठे आहे, ते विचारू नकोस.

तुझी मावशी