रेनकोटच्या बाह्या

मंगळवार, संध्याकाळ. मुरुड.

आज लातूरला अण्णांचं कानाचं मशीन दुरुस्तीहून घेतलं आणि शेजारच्या दुकानात रेनकोट बघितला. आरशापुढं उभा राहिलो, तर पहिलाच अंगावर बरोबर बसला. म्हातारा दुकानदार म्हणाला, "सर, उभं राहून काय बघता? गाडीवर बसल्यावानी बसा की." स्टुलावर बसून हात पुढं केले, तर बाह्या चार बोटं वर सरकल्या, पाठ आवळली, गुडघे उघडे पडले. त्यानं दोन नंबर मोठा दिला. मला ते पोतंच वाटलं. न खपणारा माल गळ्यात मारताय, असं तोंडावर बोललो. का बोललो? तो नुसता हसला. शेवटी तोच मोठा घेतला.

अर्ध्या वाटेत पावसानं गाठलं. आडोसा कुठंच नव्हता. मशीन शर्टाच्या खिशात. भिजलं असतं तर गेलंच. घरी येऊन बघतो, तर बाह्या मनगटावरच आणि खिसा कोरडा. त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. उद्या जाऊन माफीही मागायची.

महिनाभर बापाशी खुणांनी बोलत होतो. आज मशीन लावलं, तर अण्णा वर पत्र्याकडं बघत म्हणाले, "लई जोरात पाऊस हाय की रे!" मग दाराशी जाऊन बसले. मला टीव्हीसुद्धा लावू देईनात.