सुनावणीत जाऊबाई

१२ मार्च, गुरुवार

तीर्थस्वरूप जाऊबाईंस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. दोन गल्ल्यांवर राहून ही पत्र कसलं पाठवते, म्हणून तुम्ही कपाळावर हात माराल. पण वाटणीत कोपऱ्याची जागा आमच्याकडे आली तेव्हापासून आपलं बोलणं बंद. दारात आले तर एक तर मी रडेन, नाहीतर भांडेन. त्यापेक्षा कागद बरा.

कालच्या सुनावणीत मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसले होते. शाळेचे ते बुटके बाक, गुडघे नुसते पोटात! आमच्या जागेवर ड्राइव्ह-थ्रू हॉटेल होणार, लोक गाडीत बसूनच खाणं घेऊन जाणार, त्यावर वस्तीनं मत द्यायचं होतं. औषधवाल्यानं गोंगाटाचं गाऱ्हाणं मांडलं, शिंपीणबाईंनी कचऱ्याचं. खरं सांगू, मला पटलंही. मग कुणीतरी ओरडलं, "पैशापुढे हिला शेजारी दिसत नाहीत!" मी मान खाली घातली.

तेवढ्यात तुम्ही उठलात. अंगावर ॲप्रन तसाच, हात पुसत पुसत. म्हटलं, झालं, आता माझे धिंडवडे निघणार. आणि काय चुकीचं होतं? ते हॉटेल आलं की त्याला लागूनच असलेल्या तुमच्या खाणावळीचं अर्धं गिऱ्हाईक जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

तुम्ही माइक घेतलात आणि म्हणालात, "ती माझी जाऊ आहे. तिच्याशी भांडायचा मान माझा. बाकीच्यांनी मध्ये पडू नये." अख्खा हॉल हसला. मग आवाज खाली आणून म्हणालात, "हौसेनं ती तुटकी बादलीसुद्धा कुणाला देत नाही. जागा देतेय म्हणजे घरात काहीतरी अडलंय. काय ते विचारायला आपण इथे जमलो नाही."

अहो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर माहेरीसुद्धा बोलले नव्हते.

आणि मग तो हॉटेलचा नकाशा! कंपनीच्या साहेबाच्या हातातलं पेन सरळ काढून घेतलंत की हो. "गाड्यांची रांग शाळेच्या फाटकासमोरून? पोरं चिरडायचीत का? ती इकडून, माझ्या खाणावळीच्या मागून वळवा." साहेब म्हणाला, "बाई, धूर तुमच्या स्वयंपाकघरात येईल." तुम्ही म्हणालात, "येऊ दे. धुरातच जन्म गेलाय माझा." मी इकडे रडतेय आणि शिंपीणबाई मला रुमाल देतायत. मघाशी ओरडल्या होत्या त्या बहुतेक त्याच!

वर्षानुवर्षं मी तुम्हाला फटकळ म्हणत आले. आहातच. पण मन केवढं मोठं तुमचं! तुमच्या जागी मी असते तर असं बोलू शकले नसते.

आता काय अडलंय ते सांगते. यांची दृष्टी जातेय. थांबवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. ट्रक चालवणं सोडलं, आणि लोकांना सांगतात, कंटाळा आला. आता घर त्या जागेच्या भाड्यावरच चालायचंय. तुम्हाला कळवू नको, अशी शपथ घातली होती मला. म्हणाले, "वहिनीनं मला लहानाचं मोठं केलं, तिला हे ऐकवू नकोस." ती शपथ मी आज मोडतेय.

करारावर मी सही करणार आहे. खोटं कशाला बोलू, दुसरा इलाज नाही. पण रांग तुम्ही दाखवलीत तिथूनच जाईल, आणि तुमच्या मागे कंपनीनं उंच भिंत बांधून द्यायची, हे कबूल करून घेतल्याशिवाय मी पेन उचलणार नाही. तुमचं गिऱ्हाईक मात्र मला परत आणून देता येणार नाही. त्यासाठी खुशाल रागवा माझ्यावर, पण समोर येऊन रागवा.

काल घरी येऊन यांना सगळं सांगितलं. आधी हसले, मग तुमचं ते धुराचं वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. उजेडात समोर बसलं तर माणसाचा चेहरा अजून दिसतो यांना. सकाळी आमच्या खिडकीत ऊन येतं. लवकर या.

वाट बघणारी,
तुमची धाकटी