दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना

तीर्थरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्षात सातच अंगांनी घातला आहे, आठवं समजून घ्यावं.) तुमची प्रकृती विचारण्याचा अधिकार मला उरलेला नाही, असा ताईचा निरोप मिळाला. म्हणून विचारत नाही. पण डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर महिनाभर वाकू नका, आणि झालं नसेल तर आता चालढकल करू नका, एवढं न विचारता सांगतो. आम्ही दोघं बरे आहोत. ट्रक बरा नाही. चार महिने आपलं बोलणं बंद आहे ते या ट्रकपायी, तेव्हा त्याच्याविषयी सविस्तर लिहिणं माझं कर्तव्य आहे. वाचायचं नसेल तर पत्र ताईकडे द्या, ती मोठ्याने वाचेल आणि तुम्हाला ऐकावंच लागेल.

ट्रक देताना तुम्ही म्हणाला होतात की याला क्लच नाही, गियर टाकायची कटकट नाही, हा आपला आपण गियर बदलतो, तू नुसतं बसायचं. सव्वीस वर्षांचा ट्रक आपला आपण काय करतो ते आता ऐका. पहिल्यातून दुसऱ्यात तो कुरकुरत का होईना, जातो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची वेळ आली की त्याला विचार पडतो. इंजिन ओरडत राहतं, ट्रक वेग घेत नाही, मागचे हॉर्न वाजवू लागतात, आणि मग एकदम मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखा हिसका बसतो. विटा किंवा कांदे वाहणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. मी काचा वाहतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मला झोपू देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्या दिवाणखान्याची खिडकी मी तीनदा काढून परत बसवली होती (आणि तिसऱ्यांदा ताईने मला चहासुद्धा दिला नव्हता).

बरं, मी ट्रकची हेळसांड करतो असं कोणी म्हणायला जागा नाही. दर रविवारी सकाळी, रस्त्यावर वर्दळ नसताना, ट्रक थंडगार असताना, इंजिन बंद ठेवून मी गियरच्या तेलाची पट्टी काढतो, पुसतो, पुन्हा घालतो आणि चष्मा लावून बघतो. पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं की तेल खुणेच्या वर आहे. मला आश्चर्य वाटलं नाही. तुम्ही कपात चहा ओतलात की बशी भरते, वाढायला बसलात की ताटाचा काठ दिसत नाही, तोच हात गियरबॉक्सवर फिरलेला. मी बारीक नळी आणि इंजेक्शनची मोठी सिरिंज घेऊन जास्तीचं तेल काढून टाकलं. पुढच्या रविवारी पुन्हा वर. पुन्हा काढलं. हिसके वाढले तसा मी आणखी काटेकोर झालो. ते लाल तेल वाया घालवलेलं नाही हो, बाटल्यांत भरून ठेवलं आहे. दुकानाच्या सगळ्या बिजागऱ्यांना तेच लावतो, काच कापायच्या चाकालाही तेच. दार उघडलं तर कळत नाही, गिऱ्हाईक मागे येऊन उभं राहिलं तरी मला पत्ता लागत नाही. शिवाय तुमच्या ट्रकच्या पुढच्या ड्रॉवरची जी खडखड तुम्हाला वीस वर्षांत बंद करता आली नाही, ती मी एका मिनिटात बंद केली. आतमध्ये तुमचा चार पानी उपदेश ठेवलेला होता, त्याचीच घट्ट घडी घालून फटीत ठोकली. तुमच्या लिखाणाचा याहून चांगला उपयोग दुसऱ्या कोणाला सुचला नसता.

आता आरशांचं सांगतो, कारण माझा जीव त्यांच्यात अडकला आहे. तुमच्या घरावरून पुढे दोन चौक गेलं, चढ चढून गेलं, की नवा नृत्यवर्ग सुरू होतो आहे. त्याच्या बाईंनी मला नऊ आरसे सांगितले, प्रत्येक सात फूट उंच. एवढं मोठं काम दुकानाला आजवर आलेलं नाही, आणि तुमची मेहुणी (म्हणजे माझी बायको) त्या हॉलचं माप घेताना रिकाम्या भिंतीसमोर उभी राहून एक हात वर करून बघत होती, ते मी पाहिलं. पहिल्या खेपेला त्या चढावर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, एक आरसा गेला. दुसऱ्या खेपेला त्याच चढावर, त्याच जागी, दुसरा गेला. बाई ट्रकमध्ये डोकावल्या, तुकड्यांत स्वतःची सतरा तोंडं बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ भिंतीवर दिसले नाहीत तर मी दुसऱ्या दुकानात सांगेन. नृत्य शिकवणारी माणसं ओरडत नाहीत, नुसती मान वळवतात. ते जास्त लागतं.

मग दुरुस्ती. या गावात दुरुस्ती करणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही मी भोगले. पहिला कानवाला. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि पाच मिनिटं तसाच उभा राहिला. मला वाटलं झोप लागली. मग डोळे उघडून म्हणाला, ट्रक दुःखी आहे. इंजिनाखालचे दोन रबर बदलून त्याने त्याचं दुःख हलकं केलं. हिसका होता तसाच राहिला, फक्त आता त्याच्याबरोबर आवाज येत नाही, त्यामुळे तो बेसावध गाठतो. दुसरा संगणकवाला. पांढरा कोट, हातात पाटीएवढा पडदा, त्याला लोंबणारी वायर. ती वायर खोचायची जागा शोधत तो अर्धा तास ट्रकखाली लोळला आणि बाहेर येऊन मलाच रागावला, की तुमच्या ट्रकला भोकच नाही. मी म्हटलं, आमचा ट्रक त्या काळातला आहे जेव्हा वाहनं न सांगता बिघडायची. एवढं मात्र खरं की त्याने जाता जाता तेलाच्या पट्टीला हात घातला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, बाबा रे, तिथे बघू नकोस, ते मी दर रविवारी स्वतः बघतो, केसाएवढा फरक सापडणार नाही. कानवाल्यालाही हेच बजावलं होतं. दोघांनीही ऐकलं. उपयोग नसलेली माणसं आज्ञाधारक फार असतात.

शेवटी मी दांडी पहिल्या गियरवर अडकवून ठेवली आणि उरलेले सातही आरसे तसेच नेले, एका खेपेला एक. चार किलोमीटरला सव्वा तास. सायकली पुढे गेल्या ते सोडा, एक आजोबा काठी टेकत माझ्या खिडकीशेजारून चालत होते, त्यांनी मला त्यांच्या तिन्ही सुनांबद्दल सांगून संपवलं आणि पुढे निघून गेले. सातव्या खेपेला इंजिनातून वाफ आली. आता तोही मार्ग बंद. फुटलेल्या दोघांच्या जागचे दोन आरसे दुकानात तयार उभे आहेत, जाता येता त्यांच्यात मला माझं तोंड दिसतं, आणि शुक्रवार चार दिवसांवर आहे. दुसऱ्याचा टेम्पो बोलवा, असं तुमची मेहुणी म्हणते. ज्या ट्रकवर मी स्वतःच्या हाताने ‘काच आमच्यावर सोपवा’ असं रंगवलं आहे, तो दारात उभा ठेवून दुसऱ्याच्या गाडीतून आरसे न्यायचे, हे मला जमणार नाही.

म्हणून, भाऊजी, ताईच्या वाढदिवसाच्या जेवणात मी जे बोललो ते मागे घेण्याचं कारण मला दिसत नाही. चौदा माणसांसमोर मी म्हणालो की तुम्ही आपलं भंगार साडूच्या गळ्यात मारलं. शब्द कडक होते. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात, हात धुतलेत आणि आतल्या खोलीत गेलात, तेही सगळ्यांनी पाहिलं. पण गियरबॉक्स खराब होता, तेलाने तुडुंब भरलेला होता आणि तुम्ही ते लपवलंत, हे सत्य त्याने बदलत नाही. ते एकदा कबूल करा, मी विषय संपवायला तयार आहे.

ताईला नमस्कार. (तिने स्वीकारला तर.)

आपला आज्ञाधारक,
साडू

ता. क. वरचं पत्र सोमवारी लिहिलं. पाकिटात घालायचं राहून गेलं, आणि आता गुरुवार आहे. मधल्या बुधवारी एक गोष्ट घडली, तिच्यामुळे खरं तर सगळं फाडून नवीन लिहायला हवं. पण एवढं चांगलं जमलेलं पत्र फाडवेना. (संगणकवाल्याचा परिच्छेद मी दोनदा वाचला.) तर बुधवारी आम्ही दोघं आरशांच्या मागच्या पट्ट्या आणायला रिकामाच ट्रक घेऊन निघालो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा हिसका बसला की फटीतली घडी उडाली आणि ड्रॉवर तुमच्या मेहुणीच्या मांडीवर उघडला. तिने घडी उलगडली. तुमचं अक्षर ओळखून वाचायला लागली, आणि मोठ्याने वाचायला लागली. पान तिसरं, शब्दाला शब्द देतो: “गियरचं तेल. ट्रक दहा मिनिटं चालवून गरम करावा. सपाट जागी उभा करावा. इंजिन चालूच ठेवावं, मग पट्टी बघावी. बंद इंजिनावर बघू नये, तेल खाली उतरून बसतं आणि पट्टी जास्त दाखवते. जास्त दिसलं म्हणून काढू नये.” त्याखाली वेगळ्या शाईने, नंतर लिहिलेलं: “साडूसाठी. तू काढशील. काढू नकोस.”

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. इंजिन चालू ठेवून मी पट्टी काढली. तिच्या टोकाला कसाबसा एक थेंब होता. घरी आल्यावर तुमच्या मेहुणीने फळीवरच्या चार बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि मोजल्या. बिजागऱ्या मिळून पाचवी बाटली धरावी लागेल. इतके महिने दुकानाची दारं आवाज करत नव्हती ती तुमच्या ट्रकचं रक्त पिऊन.

आणखी एक ता. क. नवीन तेल भरलं. तुमच्या पानावर लिहिलं आहे तेच, तुम्ही सांगितलं आहे तेवढंच, गरम करून, सपाट जागी, चालू इंजिनावर बघून. मग रिकामा ट्रक घेऊन सपाट रस्त्यावर चक्कर मारली. तिसरा गियर पडला ते मला कळलंच नाही. तुमची मेहुणी म्हणाली, पडला. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, अहो, पडला. मला रडू आलं. गुडघ्यामुळे असेल असं मी तिला सांगितलं.

भाऊजी, ट्रक चांगला होता. तुम्ही चांगला म्हणूनच दिला होता, आणि तुम्ही जपलेली वस्तू मी चौदा माणसांसमोर भंगार म्हणालो. हे पत्रात लिहून भागणार नाही, त्या चौदाही माणसांना बोलावून सांगावं लागेल, आणि मी सांगणार आहे. कानवाल्याला मात्र बोलावणार नाही.

शेवटचा ता. क. (शुक्रवार, दुपार. अक्षर वाईट आहे कारण कागद स्टिअरिंगवर ठेवून पेन्सिलीने लिहितो आहे.) टपालाने पाठवलं असतं तर तुम्हाला सोमवारी मिळालं असतं, आणि सोमवारपर्यंत त्या बाईंनी मान वळवलेली असती. म्हणून पत्र तुमची मेहुणी हातात घेऊन तुमच्या पायऱ्या चढते आहे. मागे चौकटीला दोन्ही आरसे बांधले आहेत, मध्ये दोन गोधड्या आहेत. पुढे चढ आहे. तेल बरोबर आहे हे मला माहीत आहे, पण त्या चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना माझा पाय थरथरणार, हेही माहीत आहे. तुम्ही शेजारी बसलात तर नाही थरथरणार. बोलू नका हवं तर. डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर वाकूही नका, पट्टी मी काढून तुमच्या हातात देतो.

मी गेटसमोर आहे, तिथली जागा सपाट आहे. ट्रक गरम आहे. इंजिन बंद केलेलं नाही.